पदवी आणि तिचा अधिकार : स्त्रिया आणि विद्यापीठ, १८७५ ते १९४९

हिंदुस्थानात १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली तीन विद्यापीठे आजच्या अर्थाने शिकविणारी विद्यापीठे नव्हती; लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून उभी केलेली ती परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळे होती, आणि प्रत्यक्ष अध्यापन त्यांच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांत होत असे. या रचनेमुळे पदवीला एक विशेष मोल आले. ती विद्येची खूण तर होतीच, पण त्याहून अधिक ती सरकारी नोकरी, वकिली, वैद्यकी आणि वरिष्ठ शिक्षकाची जागा यांच्या दारावरचा शिक्का होती. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना ‘पहिली पदवीधर’, ‘पहिली डॉक्टर’, ‘पहिली वकील’ अशी नामावळी देण्याची प्रथा आहे आणि ती नावे स्मरणीय आहेत यात शंका नाही. परंतु या नामावळीने एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते, ती ही की परीक्षेला बसण्याची परवानगी, उत्तीर्ण झाल्याची नोंद, पदवी, पदवीपाठोपाठ येणारी शिष्यवृत्ती आणि पदवीने मिळणारा व्यवसायाचा अधिकार या पाच निरनिराळ्या गोष्टी होत्या. पुरुषाला त्या एकापाठोपाठ एक आपोआप मिळत. स्त्रीला त्यांतील प्रत्येकीसाठी स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र ठराव आणि पुष्कळदा स्वतंत्र कायदा लागला.

प्रारंभीची स्थिती किती प्रतिकूल होती हे समजण्यासाठी दोन आकडे पुरेत. १८८२ च्या हंटर आयोगासमोर, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगासमोर, जी आकडेवारी आली तीत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात महाविद्यालयीन शिक्षण घेणाऱ्या मुलींची संख्या अवघी सहा होती. आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी झालेल्या १९०१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे साक्षर सुमारे अठ्ठ्याण्णव, तर दर हजार स्त्रियांमागे साक्षर अवघ्या सात निघाल्या. यामागे वयाचा हिशेबही होता. मॅट्रिक्युलेशन ही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा साधारणपणे सोळाव्या वर्षाच्या सुमारास देण्याची असे, आणि ज्या उच्चवर्णीय हिंदू घरांतील मुलगे या परीक्षेला सर्वाधिक संख्येने बसत त्याच घरांतील मुलींची लग्ने तोपर्यंत केव्हाच होऊन गेलेली असत. संमतिवयाचा १८९१ चा जो कायदा महाराष्ट्रात एवढ्या वादळाला कारण झाला, त्याने ते वय दहावरून अवघे बारा केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे सोळाव्या वर्षी परीक्षा देणारी मुलगी ही त्या समाजाच्या चौकटीत कुठेच बसत नव्हती हे उघड होते. म्हणूनच पहिल्या पिढीतील विद्यार्थिनी बहुतेक करून ख्रिस्ती, पारशी आणि ब्राह्मो कुटुंबांतून आल्या, आणि हिंदू समाजातून ज्या आल्या त्यांच्यामागे एक तर विलक्षण आग्रही नवरा होता, नाही तर वैधव्य किंवा मोडलेले लग्न होते.

बंदी पहिल्यांदा सैल झाली ती कलाशाखेत नव्हे, तर वैद्यकात. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ साली मेरी शार्लीब आणि अन्य तिघींना प्रवेश दिला, आणि त्यामागचा युक्तिवाद समतेचा नसून पडद्याचा होता : पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी. हा युक्तिवाद पुढे अर्धशतकभर उपयोगी पडला, पण त्याने स्त्रीच्या पदवीवर एक मर्यादाही घातली, कारण ज्या गरजेपोटी दार उघडले त्या गरजेपुरतीच ती पदवी चालावी अशी अपेक्षा त्यात गृहीत होती.

कलकत्त्याची हकिकत अधिक बोलकी आहे. चंद्रमुखी बसू या ख्रिस्ती मुलीला १८७६ साली डेहराडूनहून प्रवेशपरीक्षेला बसू देण्यात आले, परंतु ती परीक्षेच्या योग्यतेला उतरली तरी तिचे नाव उत्तीर्णांच्या अधिकृत यादीत घालायचे नाही अशी अट होती. १८७८ मध्ये त्या विद्यापीठाच्या सिनेटने, म्हणजे कारभार पाहणाऱ्या अधिसभेने, स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या. त्याच वर्षी कादंबिनी बसू प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि १८८३ साली चंद्रमुखी व कादंबिनी या दोघींना बी.ए. पदवी मिळाली. लंडन विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांना दिल्या त्या १८७८ पासून, म्हणजे या बाबतीत कलकत्ता मूळ नमुन्याच्या मागे राहिले नाही. आणि ऑक्सफर्डने पदवी देण्यास १९२० पर्यंत, तर केंब्रिजने पूर्ण हक्काची पदवी देण्यास १९४८ पर्यंत वाट पाहिली, हे ध्यानात घेता वसाहतीतील विद्यापीठ साम्राज्याच्या ज्ञानपीठांच्या कित्येक पावले पुढे होते असेच म्हणावे लागते. याचे श्रेय उदारमतवादाला द्यावे तेवढेच त्या विद्यापीठांच्या स्वरूपालाही द्यावे लागेल. जुन्या वसतिगृहांची आणि भोजनगृहांची परंपरा मोडण्याचा प्रश्न तेथे नव्हता. नियमावलीतील एका शब्दाचा अर्थ लावण्याइतकेच ते काम होते.

मुंबईत नेमके तेच घडले. विद्यापीठाच्या कायद्यात आणि नियमांत विद्यार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने होता, तेव्हा त्यात स्त्रीचा समावेश होतो की नाही ही शंका काही वर्षे तशीच राहिली, आणि १८८३ साली सिनेटने पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचाही समावेश आहे असा निर्वाळा देऊन ती मिटविली. ग्रँट मेडिकल कॉलेजातही त्याच वर्षी स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, आणि त्यामागे अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज व सोराबजी शापुरजी बंगाली यांनी उभारलेला निधी होता. या निधीतूनच विलायतेहून डॉ. एडिथ पीची यांना मुंबईत आणण्यात आले आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. नियमाची अडचण अशी दूर झाली. घराची, वयाची आणि पुढल्या वाटेची अडचण मात्र होती तिथेच राहिली.

पुण्यात १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले, तेच पुढे हुजूरपागा म्हणून नावारूपास आले. या शाळेवरून झालेला वाद हा वरवर शाळेच्या वेळापत्रकाचा आणि विषयांचा होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून टिळकपक्षाने केलेल्या टीकेचा रोख असा की मुलींना मुलांचाच अभ्यासक्रम, त्यातही इंग्रजी, कशासाठी, आणि घरकामाच्या व धर्माच्या शिक्षणाला स्थान का नाही. खरा मुद्दा मात्र मॅट्रिकचा होता. मुलांचाच अभ्यासक्रम ठेवला तर मुलगी मॅट्रिकपर्यंत पोहोचते, आणि मॅट्रिक झालेली मुलगी महाविद्यालयाचे दार ठोठावते, हे दोन्ही पक्षांना नीट ठाऊक होते. आगरकरांची भूमिका याच्या दुसऱ्या टोकाची होती : मुलामुलींना एकच शिक्षण आणि तेही एकत्र. हंटर आयोगाने या बाबतीत जो सल्ला दिला तो टिळकपक्षाला फारसा प्रतिकूल नव्हता, कारण मुलींसाठी सोपा आणि संसाराला उपयोगी असा निराळा अभ्यासक्रम असावा असे त्याचेही मत होते. सुधारक सरकार आणि सनातनी समाज यांची जी ठरीव विभागणी केली जाते ती येथे लागू पडत नाही. याच आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र म्हणजे पदवी आणि तिचे फळ यांमधील अंतराचा जणू हिशेबच आहे. त्यांचा जन्म १८६६ साली नाशिकला, पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि १८८८ च्या सुमारास बी.ए.च्या परीक्षेत पहिल्या वर्गात, आपल्या तुकडीत अव्वल आल्या. असे स्थान मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला विलायतेत पुढील शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळण्याचा प्रघात होता, परंतु विद्यार्थी स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल व लेडी हॉबहाऊस आदी मंडळींनी वर्गणीतून जमविलेल्या पैशांवर १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये प्रवेश घेतला.

ऑक्सफर्डने त्यांना १८९२ साली बी.सी.एल. या कायद्याच्या उच्च परीक्षेला खास परवानगीने बसू दिले. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत, आणि त्या उत्तीर्णही झाल्या. पदवी मात्र मिळाली १९२२ साली, तीस वर्षांनी. मायदेशी परतल्यावर १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, अशा आणखी दोन परीक्षा त्यांनी दिल्या, आणि तरीही वकील म्हणून नाव नोंदवून घेण्यास कोणतेही उच्च न्यायालय राजी झाले नाही. अखेर १९०४ साली बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारस आणि विधवा यांच्या जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, कामात पडदानशीन स्त्रियांची सल्लागार म्हणून त्यांना जागा मिळाली. वैद्यकातला पडद्याचा युक्तिवाद येथे कायद्यालाही लागू झाला : स्त्रीची पदवी जनानखान्याच्या उंबऱ्याच्या आत चालत होती, कचेरीत नव्हे.

सोराबजींना नाकारलेल्या शिष्यवृत्तीची पुढची कथा महाराष्ट्राला चांगली परिचित आहे, फक्त ती या संदर्भात सांगितली जात नाही. त्याच सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर ठरले. मुर्डीच्या या मुलाचे कौतुक साऱ्या देशाने केले आणि ते रास्तच होते. परंतु त्याच परीक्षेत नऊ वर्षांपूर्वी, १८९० साली, फिलिपा फॉसेट या इंग्रज विद्यार्थिनीला सीनियर रँग्लरपेक्षा अधिक गुण मिळाले होते, आणि स्त्रियांची यादी निराळी असल्याने ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढ्याच शब्दांत तिची नोंद झाली. तो किताबही तिला मिळाला नाही आणि पदवीही नाही. गुणवत्ता मोजण्याची पट्टी एकच असताना तिच्यावर मिळणारे फळ दोन प्रकारचे असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

वैद्यकातील पदव्यांची प्रतवारी हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेचा रस्ता धरला आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी घेतली. परत आल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच १८८६ मध्ये कलकत्त्यात कादंबिनी गांगुली (पूर्वाश्रमीच्या बसू) यांचा वैद्यकीय अभ्यासक्रम पुरा झाला, परंतु त्यांना विद्यापीठाची एम.बी. पदवी न मिळता महाविद्यालयाची जी.बी.एम.सी. ही पदविका मिळाली. पदविका म्हणजे व्यवसाय करण्यापुरता परवाना. विद्यापीठीय पदवीची प्रतिष्ठा तिला नव्हती. तेव्हा १८९३ साली, मुलेबाळे असतानाही, त्या विलायतेला गेल्या आणि स्कॉटलंडमधील तीन वैद्यकीय संस्थांची संयुक्त परवाना-परीक्षा उत्तीर्ण होऊन आल्या. पती दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांसाठी भरलेल्या खटल्यामुळे नाव झालेल्या रखमाबाईंनीही लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत अभ्यास केल्यावर १८९४ साली स्कॉटलंडचीच परीक्षा दिली, ब्रुसेल्सहून एम.डी. मिळविली आणि पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ काम केले. एका देशात शिकायचे, दुसऱ्यात परवाना घ्यायचा आणि तिसऱ्यात पदवी, ही त्या काळातील वैद्यकीय विद्यार्थिनींची वहिवाटच झाली होती.

व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने १८८५ मध्ये निघालेल्या डफरिन फंडाने स्त्री डॉक्टरांसाठी नोकऱ्या निर्माण केल्या खऱ्या, पण त्यात वरच्या जागा विलायती पात्रता असलेल्या, मुख्यतः युरोपीय, डॉक्टरणींना आणि खालच्या जागा येथील परवानाधारकांना व दवाखान्यातील सहायिकांना अशी उतरंड होती. देशी विद्यार्थिनींना पूर्ण पदवीच्या वर्गापेक्षा आखूड प्रमाणपत्राच्या वर्गाकडे वळविणे सोपे पडे, कारण तो स्वस्त होता आणि त्याला मॅट्रिकची अट नसे. याचा परिणाम असा झाला की स्त्रिया ‘शिकल्या’, परंतु पदविका आणि प्रमाणपत्र यांच्या पातळीवर अडकून राहिल्या. दिल्लीत १९१६ साली लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज निघाले ते केवळ स्त्रियांसाठी पूर्ण पदवीचे शिक्षण देण्याकरिता.

कायद्याच्या क्षेत्रात १९१६ साल उलट्या दिशेने गेले. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला. १८७९ च्या वकिलीच्या कायद्यातील पुल्लिंगी शब्द पुरुषांपुरतेच मर्यादित आहेत असा अर्थ त्यांनी लावला. पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा समावेश होतो हा सर्वसामान्य नियम उपलब्ध असूनही प्रस्तुत संदर्भात तो लागू नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या सिनेटने १८८३ मध्ये जो अर्थ सहज लावला तोच तेहेतीस वर्षांनी न्यायपीठाला लावता आला नाही, कारण सिनेटच्या निर्णयाने स्त्रीला कागद मिळत होता आणि न्यायपीठाच्या निर्णयाने अशील मिळणार होते. पाटण्याला १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांच्या अर्जाचीही तीच गत झाली. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र सोराबजींची नोंदणी केली, आणि १९२३ च्या कायद्याने स्त्री म्हणून अपात्र ठरविण्याची वाट सर्वत्र बंद केली. मुंबई उच्च न्यायालयात त्यानंतर प्रवेश करणाऱ्या पहिल्या स्त्री वकील मिठन टाटा, म्हणजेच पुढच्या मिठन लाम.

पुरुषांच्या पदवीत वाटा मागण्याचा हा मार्ग धोंडो केशव कर्वे यांना अपुरा वाटला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या आणि १८९६ पासून अनाथ बालिकाश्रम चालविणाऱ्या कर्व्यांना विद्यापीठाच्या परीक्षा किती थोड्या मुलींपर्यंत पोहोचतात हे रोज दिसत होते. टोकिओच्या स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ च्या जून-जुलैत ते मोजक्या विद्यार्थिनींवर सुरूही झाले. भांडारकर कुलपती झाले आणि केंब्रिजचे रँग्लर परांजपे कुलगुरू. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा आवश्यक विषय, गृहशास्त्र व आरोग्य यांना स्थान आणि गणिताच्या सक्तीत सूट, अशी योजना होती. पदवीचे नाव जी.ए., म्हणजे ‘गृहीतागमा’, आणि त्यापुढची पी.ए., म्हणजे ‘प्रदेयागमा’. गांधीजींना इंग्रजीची सक्ती पसंत नव्हती, तर दुसऱ्या बाजूच्या सुधारकांना स्वतंत्र अभ्यासक्रमामुळे स्त्रीची पदवी कायमची दुय्यम ठरेल अशी धास्ती होती.

ही धास्ती निराधार नव्हती. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिल्यावर विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले आणि पैशाची चिंता बरीच मिटली, परंतु सरकारी मान्यता नसल्याने गृहीतागमा स्त्रीला सनदी नोकरीत किंवा अन्य विद्यापीठात बी.ए.चा दर्जा नव्हता. तरीही कर्व्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठाची पदवी खरी होती पण ती घेणे बहुसंख्य मुलींना अशक्य होते. कर्व्यांची पदवी घेणे शक्य होते पण बाजारात तिला किंमत नव्हती. या दोहोंपैकी दुसरी उणीव कायद्याने भरून निघण्याजोगी होती, पहिली तशी नव्हती, आणि म्हणून त्यांची निवड व्यवहाराला धरूनच होती असे म्हणावे लागते.

विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणात हा संघर्ष आणखी उशिरा पोहोचला. दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला भागवत (विवाहोत्तर सोहोनी) १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत या कारणाने नकार दिला. कमलाबाईंनी तेथे जाऊन ठाण मांडले. अखेर पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी न मानता परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे संस्थेची दारे स्त्रियांना उघडली, आणि त्या १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या घटकावरील संशोधनासाठी त्यांनी केंब्रिजमधून १९३९ साली पीएच.डी. मिळविली; त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीचा केवळ किताब देत असे, विद्यापीठाच्या कारभारात भाग घेण्याचा पदवीधराचा हक्क त्यात नसे. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला बंगळूरची अट आणि केंब्रिजची अट, दोन्ही आल्या.

स्वातंत्र्याच्या वेळी उच्च शिक्षण घेणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक-दशांश होता. केंब्रिजने १९४८ साली स्त्रियांना पूर्ण पदवी दिली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई विधिमंडळाने कर्व्यांच्या विद्यापीठाला वैधानिक दर्जा देणारा कायदा केला. १९५१ मध्ये तो अमलात आला तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते. त्यानंतर सात दशकांनी, केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार देशातील सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या आणि पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण मुलांमध्ये २८.३ टक्के तर मुलींमध्ये २८.५ टक्के होते. अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांत मात्र मुलींचा वाटा तेव्हाही एक-तृतीयांशाहून कमी होता.